नादगुरूंची प्राणपेटी

खुर्च्या संपल्या तेव्हा लोकांनी घरून स्टुलं आणली. स्टुलं संपली तेव्हा खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं चढून बसली. सुट्टीची सकाळ होती, आणि इमारतीच्या सभागृहात इतकी गर्दी एरवी पाणीकपातीच्या बैठकीलाही होत नसे. समोर टेबलावर बँडमास्तरांचा जुना, जाडजूड अँप्लिफायर, दोन्ही बाजूंना त्यांचे लाकडी स्पीकर, आणि मध्ये दुधाळ रंगाच्या जाकिटात नादगुरू उभे होते.

"मंडळी," नादगुरू म्हणाले, "यंत्र तुमचं. फोन तुमचा. गाणं तुमचं. माझं यात काय आहे? काही नाही! मी नुसता निमित्त."

लोकांनी माना डोलावल्या.

"तुम्हांला वाटतं, तुमच्या फोनमध्ये गाणं असतं. नसतं! आकडे असतात. एक आणि शून्य, शून्य आणि एक. दिवसभर घरात शून्य वाजवता, आणि वर मला विचारता, गुरुजी, घरात बरकत का नाही, गुडघे का दुखतात, मुलं ऐकत का नाहीत! अहो, कशालाही शून्याने गुणलं की काय उरतं?"

"शून्य!" सभागृह एका सुरात ओरडलं.

"आणि एकाने गुणलं की?" मागच्या रांगेत बँडमास्तरांची सून पुटपुटली. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी तिला कोपराने ढोसलं. "गप गं. तुझे सासरे बघतायत."

सासरे खरोखरच बघत होते, पण सुनेकडे नाही. ते पहिल्या रांगेत, पाठ ताठ करून, नादगुरूंच्या हाताकडे एकटक पाहत होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पितळी वाद्यांचा बँड चालवला होता. कर्णा कुठे पाव सूर घसरला, झांज कुठे निमिषभर उशिरा पडली, ते पाठ फिरवूनही सांगायचे. गेली काही वर्षं मात्र तो कान मंदावत चालला होता. सून रुग्णालयात कान तपासायचं काम करायची, तिनेच त्यांना श्रवणयंत्र बसवून दिलं होतं. यंत्राने माणसांचं बोलणं कळायचं. पण गाणं, बँडमास्तर म्हणायचे, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. कुरकुरत का होईना, वापरायचे.

"ही घ्या वायर," नादगुरूंनी एक करडी वायर वर धरली. "साधी. बाजारात मिळते तशी. तुम्ही सगळे वापरता तशी." त्यांनी तिचं एक टोक बँडमास्तरांच्या फोनला जोडलं, दुसऱ्या टोकाच्या लाल-पांढऱ्या पिना अँप्लिफायरच्या मागे खुपसल्या. गाणं सुरू झालं. गोधडीखालून कुणीतरी गावं तसा आवाज आला.

"बघा! मेलेला आवाज!"

"डिजिटल आवाज पोकळच असतो," तळमजल्यावरचे इंजिनिअर शेजाऱ्यांना समजावू लागले. ते पूल बांधायचे, पण कुठल्याही विषयावर त्यांचं मत विचारायची लोकांना सवय होती.

मग नादगुरूंनी पिशवीतून साबणाच्या डबीएवढी एक लाकडी पेटी काढली. कोपऱ्यांना पितळ, झाकणावर लाखेची मोहर, दोन्ही बाजूंनी निघालेल्या सोनेरी वायरी. "ही प्राणपेटी. हिच्यातून जाताना शून्यात प्राण भरतो. मोहर फोडू नका, प्राण उडून जाईल." डोळे मिटून त्यांनी करडी वायर काढली आणि पेटीच्या वायरी जोडल्या.

तेच गाणं पुन्हा लागलं, आणि सभागृहभर जिवंत झालं. गायकाने श्वास घेतलेला ऐकू आला. तारा झणझणल्या. पुढच्या रांगेतली एक आजी चक्क डोळे पुसू लागली. बँडमास्तर उठून उभे राहिले.

सून खुर्चीत पुढे सरकली. कारण फरक तिलाही ऐकू आला होता. उगाच भास नव्हता, स्पष्ट, ढळढळीत फरक होता. तिने नादगुरूंचे हात पाहिले होते. आवाजाच्या बटणाला त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

"गुरुजी," बँडमास्तर म्हणाले, "कितीतरी वर्षांनी गाणं ऐकलं."

"आणि ते कानात काय घातलंय मास्तर?" नादगुरूंनी हळुवार विचारलं. "यंत्र? डिजिटल असेल! म्हणजे कानातच शून्य घालून हिंडताय. काढा, काढा. महिनाभर प्राणनाद ऐका. कान आपोआप उमलतील."

बँडमास्तरांनी यंत्र काढून खिशात टाकलं. सुनेने डोक्याला हात लावला.

प्राणपेटीला किंमत नव्हती, ऐच्छिक देणगी तेवढी होती. दुपारपर्यंत निम्म्या इमारतीने ती इच्छा दाखवली.

त्यानंतरचे दिवस बँडमास्तरांच्या घरात मोठे सुरेल गेले, आणि मोठ्यानेही. पेटी जोडून ते आवाज भरपूर चढवायचे आणि डोळे मिटून बसायचे. मुलगा "जाऊ दे, खूश आहेत ना" म्हणून कामावर निघून जायचा. सासूबाईंना मात्र घसा फोडून बोलावं लागायचं.

"अहो, चहा ठेवू का?"

"कुणाचा भाऊ?"

"चहा! चहा!"

"असू दे, बसायला सांग त्याला."

सून हसायची, पण तिचं हसू फार टिकलं नाही. एक दिवस ती दुपारीच घरी आली. जिन्यातच गाण्याचा दणदणाट कानावर आला, आणि दार उघडताच नाकाला गॅसचा वास. ती धावत स्वयंपाकघरात गेली. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, आणि गॅस सुस्कारे टाकत सुटला होता. तिने शेगडीचं बटण बंद केलं, खिडक्या भराभर उघडल्या. बाल्कनीच्या काचेवर कुणीतरी धाडधाड हात आपटत होतं. वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये, घामाने चिंब झालेल्या सासूबाई उभ्या होत्या. कडी आतून पडली होती.

"कधीची बोंबलतेय!" दार उघडताच त्यांचा तोफखाना सुरू झाला. "वास यायला लागला तशी काच फोडायला निघाले होते. आणि हे बघ, हे! प्राण भरतायत! इथे माझा प्राण जायची वेळ आली!"

बाहेरच्या खोलीत, सर्दीने नाक चोंदलेले बँडमास्तर मांडीवर ताल धरून बसले होते. सुनेने गाणं बंद केलं तेव्हा त्यांनी दचकून डोळे उघडले. काय झालं ते कळल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. बायकोचा हात त्यांनी धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

"बाबा," सून त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "यंत्र घाला आता."

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी दुधाकडे बघायला हवं होतं. पण पेटीला बोल लावू नकोस. फरक मी या कानांनी ऐकलाय. बँड चालवलाय मी, भाजी नाही विकली."

सून उतू गेलेलं दूध पुसायला गेली. खरं तर तिनेही तो ऐकला होता.

तिने रीतसर परीक्षा घ्यायची ठरवली. दोरीवर चादर टांगली, अँप्लिफायर चादरीमागे ठेवला. सासूबाईंनी तिकडे उभं राहून कधी पेटी जोडायची, कधी घरची नेहमीची वायर, आणि काय जोडलंय ते कुणाला सांगायचं नाही. आवाजाचं बटण एकाच जागी. बँडमास्तरांनी ऐकायचं आणि ओळखायचं. सासूबाई या कामावर भलत्याच खूश झाल्या.

बँडमास्तरांनी मन लावून ऐकलं. कधी बरोबर सांगितलं, कधी चूक, आणि शेवटी स्वतःच म्हणाले, "नाही बुवा. मला फरक कळत नाहीये." खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. सून खुलली. पण ते पुढे म्हणाले, "म्हणजे प्राण आता घरच्या वायरीतही मुरलाय. गुरुजी म्हणालेच होते, हळूहळू सगळ्या घरात पसरतो."

सुनेने हात टेकले. पेटी फोडली, आत काही निघालं नाही, तर म्हणणार प्राण उडाला. फरक कळला तर पेटीचा प्रताप, नाही कळला तर मुरल्याचा प्रताप! या माणसाने पळवाटा आधीच खणून ठेवल्या होत्या.

शिवाय तिला स्वतःलाही एक गोष्ट छळत होती. घरी पेटीने काहीच फरक पडत नव्हता, मग सभागृहात का पडला?

उत्तर तिला कामावर मिळालं. एक बेकरीवाला कान बंद झाल्याची तक्रार घेऊन आला होता. आठवडाभर सगळं जग उशीतून ऐकू येतंय म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्या कानातून मळाचा हा एवढा बोळा काढला, आणि सुनेने तपासणीसाठी त्याला आपल्या खोलीत बसवलं. बेकरीवाल्याने खुर्ची सरकवली आणि तिच्या करकरीनेच तो उडाला.

"अरे बाप रे! हा काय आवाज! ताई, डॉक्टरांनी कानात घातलं तरी काय? औषध? एवढं लख्ख मला जन्मात ऐकू आलं नव्हतं! चमत्कार आहे हो!"

"काही घातलं नाही," ती सवयीने म्हणाली. "नुसता बोळा काढला."

आणि बोलता बोलता ती थबकली. हातातली पेन्सिल तशीच राहिली.

नुसता बोळा काढला.

सगळेच्या सगळे पेटीकडे बघत होते. तीसुद्धा. पेटीने काय घातलं, पेटीत काय आहे, पेटी फोडावी का! पण त्याआधी जे वाजलं होतं, ते गोधडीखालचं गाणं? बँडमास्तरांच्या स्पीकरमधून गाणं तसं मुळी कधी येतच नव्हतं! घरी साध्या वायरीवर ते नेहमी छान वाजायचं. यंत्र तुमचं, फोन तुमचा, गाणं तुमचं. पण ती करडी वायर? ती कुणाची होती?

"ताई, सगळं ठीक आहे ना?" बेकरीवाल्याने घाबरून विचारलं.

"तुमचं एकदम ठीक आहे," ती हसत म्हणाली. "माझंही आत्ताच ठीक झालं."

घरी आल्यावर ती सासऱ्यांच्या कानाजवळ खुर्ची ओढून बसली. वाद घालायचा नाही असं तिने ठरवलं होतं.

"बाबा, मला तुमची माफी मागायची आहे. तुम्ही म्हणता तो फरक खरा होता. मलाही ऐकू आला होता. तुमच्या कानाने खोटं सांगितलं नाही."

बँडमास्तर चमकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या कानाची बाजू घेतली होती. "मग?"

"मग एवढंच सांगा. त्या दिवशी पेटी लावायच्या आधी जे वाजलं, तसं आपल्याकडे कधी वाजलं होतं?"

ते बोलायला गेले आणि थांबले. डोळे बारीक करून आठवू लागले. बँडमध्ये कोण चुकलं ते शोधताना त्यांचा असाच चेहरा व्हायचा.

"नाही," ते सावकाश म्हणाले. "कधीच नाही. इतकं मढ्यासारखं... नाही." मग त्यांनी सुनेकडे रोखून पाहिलं. "वायर त्याची होती."

"हो बाबा."

"कर्णेकऱ्याच्या कर्ण्यात चिंधी कोंबायची, आणि मग ती काढून म्हणायचं, बघा, मी याला वाजवायला शिकवलं!" त्यांचा आवाज चढला. "माझ्या कानांदेखत?"

"अहो, हळू," सासूबाई आतून म्हणाल्या. "यंत्राशिवाय तुम्हांला तुमचाच आवाज कळत नाही."

पुढच्या सुट्टीला नादगुरू उरलेल्या निम्म्या इमारतीचा उद्धार करायला आले. पुन्हा तीच गर्दी, टेबलावर तोच अँप्लिफायर, तेच एक आणि शून्य, तोच गुणाकार. आणि यावेळी बँडमास्तरांना त्यांनी मुद्दाम पुढे बोलावलं.

"हे साक्षात नादातलं माणूस! मास्तर, सांगा मंडळींना, काय अनुभव?"

बँडमास्तर उठले. खिशातून श्रवणयंत्र काढून त्यांनी सावकाश कानात बसवलं. नादगुरूंच्या कपाळावर आठी उमटली.

"अनुभव सांगतो. पण आधी एक विनंती. सुरुवातीची ती साधी वायर आज माझ्या घरची लावा." त्यांनी खिशातून एक काळी वायर काढली.

"मास्तर, घरची वायर अशुद्ध झालेली असते. तिच्यात शून्य साचलेलं असतं."

"मग तर उत्तमच! आवाज आणखी वाईट येईल, पेटीचा पराक्रम आणखी मोठा दिसेल."

सभागृहात खसखस पिकली. "लावा की गुरुजी!" कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं. नादगुरू पाणी प्यायले. त्यांचा घोट गिळून व्हायच्या आत सासूबाई टेबलापाशी पोहोचल्या होत्या, आणि चादरीमागच्या सरावाने त्यांनी वायर जोडूनही टाकली.

गाणं लागलं. भरदार, स्वच्छ, गायकाच्या श्वासासकट. प्राणपेटी शेजारी टेबलावर गप पडून होती.

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"आता पेटी लावा," बँडमास्तर म्हणाले. सासूबाईंनी पेटी जोडली. तोच आवाज, तिळमात्र फरक नाही.

"आता गुरुजींची करडी वायर." गाणं पुन्हा गोधडीत शिरलं. आता मात्र लोकांत कुजबुज सुरू झाली.

"प्राण घाबरलाय!" नादगुरू म्हणाले. "संशयी माणसं जवळ असली की प्राण..."

"प्राण नंतर बघू," सून पुढे झाली. "या करड्या वायरीच्या पिनेचं टोपण फिरवलं तर चालेल ना? ही तर साधी, बाजारातली."

नादगुरूंनी हात पुढे केला, पण वायर तोपर्यंत इंजिनिअरांच्या हातात गेली होती. त्यांनी पिनेचं टोपण फिरवून काढलं, चष्मा कपाळावर नेला, आणि त्यांचे कान लाल झाले.

"यात... यात दोन बारीक भाग डकवलेत," ते म्हणाले. "साध्या वायरीत काही नसतं, नुसती तार असते. हा एक भाग आवाज दाबतो. आणि हा दुसरा बारीक, टोकदार सूर वाटेतच गळायला लावतो." त्यांनी घसा साफ केला. "डिजिटल पोकळ असतं असं मी मागच्या वेळी म्हणालो होतो. ते, म्हणजे, मी न तपासता म्हणालो."

"आणि पेटी?" पुढच्या रांगेतल्या आजींनी विचारलं. मागच्या वेळी डोळे पुसणाऱ्या त्याच. उत्तराची वाट न बघता त्यांनी पिशवीतून आपली पेटी काढली आणि लाखेची मोहर टेबलाच्या कडेवर आपटून फोडली. आतून मूठभर वाळू सांडली, आणि वाळूतून इकडून तिकडे गेलेली एक सरळ तार दिसली.

"उडाला हो प्राण!" सासूबाई म्हणाल्या, आणि सभागृह फुटलं. लोक कट्ट्यांवरून घसरेपर्यंत हसले.

हशा ओसरला तेव्हा नादगुरू दाराकडे सरकत होते, पण दारात बरीच मंडळी आपापल्या पेट्या घेऊन उभी होती. आजवर घेतलेली प्रत्येक ऐच्छिक देणगी त्यांनी त्या दुपारी परत केली. त्यांच्या इच्छेने की लोकांच्या, ते विचारू नका. नंतर इमारतीच्या समितीने पोलिसांत तक्रारही दिली, तेव्हा कळलं की दोन इमारती पलीकडे ते दगडांतून पाण्यात प्राण भरून देत असत.

बँडमास्तर मात्र खुर्चीत बसून राहिले. लोक पांगल्यावर सून त्यांच्याजवळ गेली.

"फसलो ना मी," ते म्हणाले. "एवढं वय, एवढा कान."

"मीही फसले होते बाबा. आपण कानाने फसलो नाही. कानाने बरोबर सांगितलं, की आवाज सुधारला. का सुधारला, हे कान सांगूच शकत नाही. ते विचारावं लागतं."

त्यांनी मान हलवली. मग हसून म्हणाले, "तरी गाणं या यंत्रातून पत्र्यासारखंच लागतं हं."

"ते तुम्ही माझ्याकडे येऊन सांगा ना! यंत्रात गाण्यासाठी वेगळी सोय असते, ती लावून देते. तुम्ही कुरकुर करून सोडून देता, मग कसं व्हायचं?"

दुसऱ्या दिवशी तिने ती सोय लावून दिली. पहिल्याच गाण्याला त्यांनी भुवया उंचावल्या, दुसऱ्याला ताल धरला. डबा पूर्ण गेला नाही, पण म्हणाले, आता निदान चांदीचा आहे.

पुढे बँडमास्तरांकडे इमारतीतल्या लोकांची रीघ लागली. घरचा स्टीरिओ चांगला वाजवायचा कसा, हे विचारायला. ते सगळ्यांना एकच सांगायचे, आणि त्यात गूढ काही नव्हतं. गाणं चांगल्या दर्जाचं उतरवून घ्या. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमीजास्त अँप्लिफायरवर करा. वायर धड असावी, पिना घट्ट बसाव्यात, अँप्लिफायरवर फोनच्या वायरीसाठीचं बटण निवडलेलं असावं. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, तुमच्या बसायच्या जागेकडे तोंड करून ठेवा. आणि एक आणि शून्याला घाबरू नका, चोख मांडलेल्या आकड्यांतून गाणं चोखच परत येतं.

वाचकहो, नादगुरू तुमच्याकडे याच जाकिटात येईल असं नाही. कुणी पाणी घेऊन येईल, कुणी पूड, कुणी अंगठी. तो तुम्हांला आधी आणि नंतर दाखवेल, आणि तुमचे डोळे, तुमचे कान फरक आहे म्हणून सांगतील. त्यांच्यावर रागावू नका. फक्त 'नंतर' बघून हरखून जायच्या आत, ते 'आधी' कुणी आणलं होतं ते विचारा. चार लोकांत, मोठ्या आवाजात विचारा. विचारायला धाडस लागतं हे खरं, पण खरी वस्तू प्रश्नाने कधी मरत नाही. जी मरते, ती खरी नव्हतीच.